आधी प्रकरण वाचू द्या, मग पैसे मागा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांकडून आगाऊ पैसे जमवून कादंबरी काढणाऱ्या नव्या लेखकांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. पुढच्या आठवड्यात त्यावर आलेली दोन पत्रेही वाचली. एका पत्रलेखकांना हा प्रकार म्हणजे सरस्वतीला दारोदार फिरवणे वाटते. दुसऱ्यांच्या मते आता प्रकाशकाची गरजच संपली. मी बँकेतून निवृत्त झालेली, जन्माने इंदूरची, कादंबऱ्यांचे जुने व्यसन असलेली बाई. मला दोघांचेही पटले नाही, म्हणून हे पत्र.

दारोदार फिरण्याचे म्हणाल तर त्यात नवे काय आहे? डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे काम हाती घेतले तेव्हा कंपनी काढली, भाग विकले आणि गावोगाव हिंडून वर्गणीदार जमवले. तेवीस खंड त्यातून उभे राहिले. १९७४ साली ‘ग्रंथाली’ निघाली तीही वाचक चळवळ म्हणूनच, सभासद वाचकांच्या जिवावर. आपल्या घरोघरी कपाटात जे जाडजूड संच आहेत ते तरी छापून झाल्यावर कोणी घेतले होते? प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात बघून, मनीऑर्डर करून, वर्ष-वर्ष वाट पाहिलेली माणसे आपण. आणि आज पडद्याआड काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे. लेखक प्रकाशकाला पैसे देतो, वर शे-दोनशे प्रती स्वतःच उचलतो, आणि त्या दिवाणाखाली धूळ खात पडतात. त्यापेक्षा उघडपणे वाचकाकडे पैसे मागणे मला जास्त इभ्रतीचे वाटते.

इंदूरकरांनी तर या गोष्टीला नाक मुरडूच नये. ‘सानंद’ या इथल्या मराठी नाटकांच्या संस्थेचे सभासद वर्षाची वर्गणी आधी भरतात, मग पुण्या-मुंबईहून नाटके येतात. सभासदांचे समूह पाडलेले असतात; आमच्या ओळखीत कोणी रामूभैया दाते समूहात असते, कोणी राहुल बारपुते समूहात, आणि आपल्या समूहाचा खेळ चुकला तर दुसऱ्या समूहात जागा मिळते का म्हणून फोनाफोनी चालते. नाटक न पाहता पैसे देणारे हेच लोक कादंबरी म्हटली की “आधी छापून तर येऊ दे” म्हणतात. नाटकाला पाचशे माणसे एकदम लागतात आणि कादंबरीला एकेक करून लागतात, एवढाच काय तो फरक. म्हणून त्या एकेकाला गाठायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. लेखात नेमके तेच राहून गेले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीतला एक मुलगा आईला घेऊन घरी आला. नोकरी संगणकाच्या कंपनीत, वय तिशीच्या आत. बोलणे सगळे आईनेच केले. “काकू, आमच्या ह्यानं कादंबरी लिहिली आहे. तीनशे रुपये द्यायचे, पुस्तक घरपोच येईल, आणि मागे तुमचं नाव छापणार.” मी वही मागितली. साठेक नावे होती. मावशी, आत्या, साडू, मोठ्या बहिणीचे सासरे, ऑफिसातले सगळे टेबल. त्याचा साहेब तर चक्क म्हणाला होता, “पढ़ तो नहीं पाऊँगा, पर सपोर्ट पूरा है।” मी त्याला म्हटले, बाळा, हा आहेर झाला. लग्नातल्या पाकिटासारखे लोक देतात, तुझे पुस्तक शोकेसमध्ये जाते, आणि दुसरी कादंबरी घेऊन गेलास की तीच माणसे जिना चढताना तुला बघून दिवा मालवतात.

कादंबरी कशावर आहे विचारले तर म्हणाला, मिल एरियावर, म्हणजे इंदूरच्या कापड गिरण्यांच्या भागावर. त्याचे आजोबा तिथल्या हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी सुटले ते २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षे. तोवर किती तरी कामगार गेले, वारसांनी फाइली सांभाळल्या. आता सांगा, ज्यांच्या घरात हे सगळे घडले ती घरे सोडून हा मुलगा आत्याच्या दारात काय करत होता?

पुढे त्याने जे केले ते मला आवडले. पहिल्या प्रकरणाच्या झेरॉक्स काढल्या, स्टेपल मारले, मागच्या पानावर आपला फोन नंबर आणि “आवडलं तरच नाव नोंदवा” एवढी ओळ. अनंत चतुर्दशीच्या आधी मिलवाल्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीचे चित्ररथ, बनत असतात तिथे तो संध्याकाळचा जाऊ लागला. परदेशीपुऱ्यात एका न्हाव्याच्या दुकानात पाच-सहा प्रती ठेवून आला. आठवड्याभरात एका म्हाताऱ्या कामगाराचा फोन. कौतुकाचा नव्हे हं, भांडणाचा. “पाळी सुटायची वेळ तू चुकवलीस, आणि विणाई खात्यात दोन माणसं अशी बोलतील कशी, मशीनच्या आवाजात शेजारच्याचं ऐकू येत नसे, आम्ही खुणांनी बोलायचो.” मुलगा भेटायला गेला, सगळे लिहून घेतले, प्रकरण दुरुस्त केले. त्या आजोबांनी तीनशे रुपये तर दिलेच, शिवाय आणखी सात-आठ घरे दाखवली. माझ्या हिशेबी तो त्याचा पहिला वाचक.

हे नमुना प्रकरणाचे काम फार महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच आळस करून टाळले जाते. लेखक मंडळी मोबाइलवर मुखपृष्ठ पाठवतात, स्वतःचा फोटो पाठवतात, “आशीर्वाद असू द्या” म्हणतात. मजकूर मात्र चार ओळी. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो. तीनशे रुपये आगाऊ मागणाऱ्याने दहा-पंधरा पाने तरी दाखवावीत.

आपल्या लेखात ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाचे उदाहरण होते. २०२२ च्या मार्चमध्ये त्याने किकस्टार्टर या लोकवर्गणी जमवण्याच्या संकेतस्थळावर चार कादंबऱ्यांसाठी १,८५,३४१ लोकांकडून ४ कोटी १७ लाख डॉलर जमवले, हे खरे. पण त्याची पहिली कादंबरी आली होती २००५ साली. सतरा वर्षे जमवलेला वाचक त्याने एका महिन्यात बोलावला. नव्या लेखकाला ते उदाहरण दाखवून उपयोग नाही. घ्यायचाच तर किकस्टार्टरचा नियम घ्यावा: ठरवलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर कोणाचाही पैसा घेतला जात नाही.

त्याहून शिकण्यासारखे इंग्लंडात घडले. अनबाउंड नावाची प्रकाशन संस्था २०११ पासून वाचकांच्या आगाऊ पैशांवरच पुस्तके काढत होती. लोकवर्गणीतून निघालेले लिखाण हलकेच असणार असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, याच संस्थेने काढलेली पॉल किंग्जनॉर्थची कादंबरी २०१४ साली बुकर पारितोषिकाच्या पहिल्या यादीत आली होती. अशी नाव झालेली संस्था २०२५ च्या मार्चमध्ये डबघाईला येऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली. लेखकांचे पैसे थकले, आणि जी पुस्तके अजून निघायची होती त्यांच्या वाचकांचे पैसे अडकले. हेतू चांगले असून असे झाले.

इथे माझ्यातली बँकवाली जागी होते. वाचकाचे पैसे लेखकाच्या पगाराच्या खात्यात येता कामा नयेत. त्यात एकदा गाडीचा हप्ता कापला गेला की कोणते तीनशे कोणाचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वेगळे खाते उघडावे, दोन सह्यांचे. दुसरी सही घरच्या माणसाची नको. वाचनालयाचे चिटणीस, शाळेतल्या निवृत्त बाई, असे कोणी तरी. रक्कम किती हवी आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते आधीच लिहून द्यावे. तारीख उलटली की पैसे परत. हल्ली यूपीआयमुळे कोणी कधी किती दिले ते खात्यात दिसते, परत करायलाही सायास नाहीत. नावे छापायची ती छापा, पण आधी पावती द्या.

आणि हिशेबात संपादनाचे पैसे धरा, ही माझी कळकळीची विनंती. प्रकाशकाची गरज संपली म्हणणाऱ्यांना प्रकाशक म्हणजे फक्त छापखान्याचे बिल वाटते की काय? चांगल्या प्रकाशकाकडे कोणी तरी हस्तलिखित हातात घेऊन म्हणते, हे शंभर पानांनंतरचे ढिले पडले आहे, पुन्हा लिहा. मुद्रितशोधन करणारा असतो. कॉलनीतल्या त्या मुलाला छापखान्याने पाचशे प्रतींचे पासष्ट हजार सांगितले. म्हणून त्याने तीनशे रुपये दराने अडीचशे वाचक धरले, पंच्याहत्तर हजार, झाले काम. मी म्हटले, यात शुद्धलेखन तपासणाऱ्याचे मानधन कुठे आहे? आणि टपाल? टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००. स्वस्त आहे, पण अडीचशे पाकिटांचे फुकट होत नाही. त्याने आता आकडा वाढवून तीनशे वाचकांवर नेला आहे. इंदुरात मराठी राहते त्या इंदुरी वळणानेच त्याची पात्रे बोलतात, त्यामुळे तपासणारा पुण्याचा असला तर तो सगळे “सुधारून” टाकेल, ही त्याची भीती मात्र मला रास्त वाटते.

आता आपल्याकडे मागणे. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलने या शहरात झाली, पण मराठी कादंबरी हवी झाली तर आजही पुण्याहून मागवावी लागते किंवा कुठे प्रदर्शन लागायची वाट पाहावी लागते. लेखकाला वाचक कुठे आहे ते कळत नाही, आणि वाचकाला लेखक आपल्याच गल्लीत राहतो हे कळत नाही. वर्तमानपत्र दोघांच्याही घरी जाते. तर महिन्यातून एका रविवारी पुरवणीचे एक पान येऊ घातलेल्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाला द्या. खाली चौकटीत किंमत, किती वाचक हवेत, शेवटची तारीख आणि खात्यावर कोणा दोघांच्या सह्या चालतात एवढे छापा. परीक्षण नको, लेखकाचा परिचय दोन ओळींत पुरे. ओळखीपाळखीच्या लेखकांची रांग लागेल, तिला तुम्ही कसे तोंड द्याल ते तुमचे तुम्ही बघा. सहा महिन्यांनी त्याच जागेवर पुस्तक निघाले की नाही, नसल्यास पैसे परत गेले की नाही, तेही न विसरता छापा.

पहिला मजकूर कुठून आणावा अशी अडचण असेल तर आमच्या कॉलनीतल्या मुलाचे दुरुस्त केलेले प्रकरण तयार आहे. त्याला अजून साठेक वाचक कमी पडताहेत.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
सुदामानगर, इंदूर