बेटावरचे वैद्यकीय प्रवेश : नियम आधी वाचा

माननीय संपादक महोदय,

‘नीट’चा निकाल लागला की नागपुरात परदेशी वैद्यकीय प्रवेशाच्या सभा भरू लागतात आणि त्यांत कॅरिबियन बेटांवरील महाविद्यालयांची निळ्याशार समुद्रासह चित्रे दाखवली जातात. समुद्राबद्दल तक्रार नाही. पण 18 नोव्हेंबर 2021 रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांबद्दल तिथे क्वचितच कोणी बोलते.

या नियमांनुसार, परदेशी पदवीवर भारतात डॉक्टरकी करायची असेल तर अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातील असावा लागतो. त्यानंतरची 12 महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) त्याच परदेशी संस्थेत पूर्ण करावी लागते आणि पदवी देणाऱ्या देशात तेथील नागरिकांच्या बरोबरीने व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रताही लागते. बेटांवरील अनेक महाविद्यालये मात्र पहिली सुमारे दोन वर्षे बेटावर शिकवून रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवतात. अमेरिकेत व्यवसाय करू इच्छिणाऱ्यास ही रचना सोयीची असेल. परंतु प्रशिक्षणाचा कोणताही भाग तिसऱ्या देशात झालेला चालत नसल्याने, परतल्यावर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत आंतरवासिता करून विदर्भातच दवाखाना थाटण्याचे स्वप्न पाहणाऱ्यास तीच अडसर ठरते.

शिवाय वादळे आहेतच. 2017 च्या ‘मारिया’ चक्रीवादळानंतर डॉमिनिकातील एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाने अखेर बार्बाडोसला स्थलांतर केले.

अशा सभांत शुल्काच्या तक्त्यासोबत रुग्णालयीन प्रशिक्षण कोणत्या देशात होणार, हे लेखी देणे जिल्हा प्रशासनाने सक्तीचे करावे, ही विनंती.

आपला,
एक पालक, धरमपेठ, नागपूर