आधी काम ठरवा, मग कॅरेक्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्समध्ये पहिल्यांदा पदके दिली गेली. तेव्हापासून या खेळांच्या बातम्या क्रीडा पानावर अधूनमधून दिसतात. त्यात निकाल असतो, कोणी किती किल्स घेतले, म्हणजे किती शत्रू मारले, तेही असते. पण संघाने कोणती कॅरेक्टर्स (खेळातली पात्रे) घेतली आणि का घेतली, याबद्दल एक ओळही नसते. नवे खेळाडू मग किल्सचा आकडा पाहूनच कॅरेक्टर उचलतात आणि अनेक सामने तिथेच हातचे जातात.

व्हॅलोरंट या बंदुकांच्या खेळाचेच पाहा. पाच जणांचा संघ. आधी आत घुसणारा ड्युएलिस्ट, त्याची वाट मोकळी करणारा इनिशिएटर, धुराने शत्रूची नजर झाकणारा कंट्रोलर आणि जागा राखणारा सेंटिनल असे चार प्रकारचे एजंट, म्हणजे कॅरेक्टर्स. एकदा लॉक (पक्का) केलेला एजंट सामना संपेपर्यंत बदलता येत नाही आणि जिंकायला १३ राउंड लागतात. म्हणजे निवड चुकली तर ती किमान १३ राउंड निस्तरावी लागते. तरीही निवडीचा स्क्रीन उघडताच दोघे-तिघे ड्युएलिस्ट लॉक करून मोकळे होतात आणि शेवटी उरलेला नाइलाजाने कंट्रोलर घेतो. स्मोक (धुराचे पडदे) कुठे टाकायचे हेच ज्याला पाठ नाही, त्याच्याकडे सगळ्यांत नाजूक काम जाते.

हे काम किती नाजूक आहे ते सांगतो. साइटवर, म्हणजे स्पाइक हा बॉम्ब लावायच्या जागेवर, चढाई करताना बचाव करणारे दोन-तीन कोपऱ्यांतून नेम धरून असतात. ते सगळे कोपरे एकदमच झाकावे लागतात. ब्रिमस्टोन हा कंट्रोलर नकाशा उघडून तीन जागा निवडतो, तिन्ही स्मोक एकाच वेळी पडतात आणि सुमारे १९ सेकंद टिकतात. एका दमात साइटवर घुसणाऱ्या संघाला हा उत्तम. पण त्याला साइटच्या जवळ यावे लागते आणि वापरलेले स्मोक त्या राउंडमध्ये परत भरत नाहीत. चढाई अडली, संघ दुसऱ्या साइटकडे वळला, की याचे हात रिकामे. ओमेनचा स्मोक १५ सेकंदच टिकतो, मात्र तो लांबून टाकता येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा भरतो. चाचपत, थांबत, मध्येच बाजू बदलत खेळणाऱ्या संघाने ओमेनच घ्यावा. ब्रीझसारख्या मोकळ्या नकाशावर गोल स्मोक तोकडे पडतात. तिथे व्हायपरची लांबलचक विषारी भिंत कामाला येते. नकाशा आणि संघाची चाल माहीत नसताना ‘सगळ्यांत चांगला कंट्रोलर कोण?’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

स्पाइक लावल्यानंतरचा विचार तर फारच थोडे जण करतात. स्पाइक ४५ सेकंदांनी फुटतो आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात. ब्रिमस्टोनची आग किंवा व्हायपरचे आम्ल नेमके स्पाइकवर टाकता आले, तर निकामी करणाऱ्याला उठावेच लागते. संघात असे काही नसेल तर ती ४५ सेकंदे निव्वळ बंदुकीच्या नेमावर काढायची.

ड्युएलिस्टमध्येही फरक आहे. जेट किंवा रेझ झेप घेऊन आत शिरतात, शत्रूचे लक्ष वेधतात आणि मागच्यांना जागा मिळवून देतात. रेनाचे आरोग्य भरणे आणि निसटणे दोन्ही किल्सवर अवलंबून. पहिला किल मिळाला नाही तर तिच्याकडून संघाला शत्रूची नजर अंधुक करणाऱ्या एका डोळ्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. म्हणून एकुलता एक ड्युएलिस्ट म्हणून रेना घेणे मला चुकीचे वाटते, नेम कितीही पक्का असला तरी. इनिशिएटरचेही तसेच. ब्रीचचा फ्लॅश भिंतीआडून जातो, पण साथीदारांचेही डोळे दिपवतो. माइकवर बोलणारा संघ असेल तरच तो घ्यावा. अनोळखी खेळाडूंबरोबर सोव्हा बरा, कारण त्याच्या बाणाने दिसलेला शत्रू न बोलताही सगळ्यांना दिसतो.

ओव्हरवॉच या दुसऱ्या खेळात सामना चालू असताना हीरो, म्हणजे कॅरेक्टर, बदलता येतो. तिथली चूक निराळी, ती म्हणजे वेळेवर न बदलण्याची. समोर फारा आकाशातून रॉकेट मारते आहे आणि आपले दोन्ही डॅमेज (मारा करणारे) खेळाडू जंकरॅट आणि रीपर घेऊन बसले आहेत, तर तिला कोण पाडणार? एकाने लांबून नेमके मारणारा सोल्जर ७६ किंवा कॅसिडी घ्यायलाच हवा. बदलताना अल्टिमेटचा (हीरोच्या सगळ्यांत मोठ्या अस्त्राचा) जमलेला चार्ज बराचसा जातो, म्हणून अनेक जण चालढकल करतात. तो चार्ज वाचवण्याच्या नादात एक-दोन लढाया जातात, आणि हा सौदा क्वचितच परवडतो.

डोटा २ या पाच-पाच जणांच्या लढाईच्या खेळात खेळाडूंना १ ते ५ क्रमांक देतात. हा कौशल्याचा क्रम नाही, सामन्यात मिळणाऱ्या सोन्यावरच्या हक्काचा क्रम आहे. पहिल्याने सगळ्यांत जास्त सोने जमवायचे, पाचव्याने जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच पाचव्या जागी क्रिस्टल मेडन शोभते. महागड्या वस्तूंशिवायही तिच्या ऑरामुळे (प्रभावामुळे) साथीदारांना मॅना, म्हणजे जादू वापरायची शक्ती, मिळत राहतो. सोन्यावर जगणारे तीन हीरो एकाच संघात आले, तर तिघेही अर्धपोटी राहतात.

डोटासारख्याच लीग ऑफ लेजंड्समध्ये निवड आळीपाळीने होते: पहिला संघ एक, दुसरा दोन, पहिला दोन, दुसरा दोन, पहिला दोन आणि शेवटी दुसरा एक. लवकर निवडणाऱ्याने दोन लेनमध्ये (नकाशावरच्या वाटांवर) चालेल असा चॅम्पियन, म्हणजे कॅरेक्टर, घ्यावा, म्हणजे समोरच्याला अंदाज येत नाही. समोरच्याला पाहून उत्तर देण्याची संधी शेवटच्याला मिळते. आणखी एक गोष्ट निवडतानाच तपासावी. पाचही जणांचा मारा शारीरिक असेल, तर समोरचे फक्त आर्मर विकत घेतात आणि सामना जसजसा लांबतो तसतसा आपला मारा बोथट होत जातो. जादुई मारा करणारा एक तरी हवाच.

टायर लिस्टवर (कॅरेक्टर्सच्या सरस-निरस क्रमवारीवर) विसंबून राहू नये. लीगमधला आझीर व्यावसायिक संघांत वर्षानुवर्षे आवडीने खेळला गेला, पण एकटे खेळणाऱ्या सामान्य खेळाडूंच्या हातात त्याचा जिंकण्याचा दर बहुतेक वेळा खालीच राहिला. कॅरेक्टर तेच, पण भोवती ठरलेल्या चालींचा संघ नाही. शिवाय नवा पॅच (खेळातले बदल) आला की आकडे बदलतात आणि जुनी यादी निरुपयोगी होते.

नव्या खेळाडूने एक मुख्य भूमिका आणि एक पर्यायी भूमिका ठरवावी आणि प्रत्येकीत दोन-तीनच कॅरेक्टर्स घोटावीत. एखादे बॅन झाले, म्हणजे निवडीतून बाद केले गेले, किंवा दुसऱ्याने आधी घेतले तर दुसरे तयार असते. रँक्ड (क्रमवारीचे) सामने खेळण्याआधी कस्टम सामन्यात एकट्याने प्रत्येक साइटचे स्मोक पाठ करावेत. चार-पाच सामने हरलो म्हणून लगेच कॅरेक्टर बदलू नये. वीसेक सामने झाल्याशिवाय काही कळत नाही. आणि निवडीच्या स्क्रीनवर, आधीच्या साथीदारांनी काय लॉक केले ते पाहून कोणते काम उरले आहे ते शोधावे.

आपल्याला एक विनंती. ई-स्पोर्ट्सची बातमी छापताना निकालाबरोबर प्रत्येक खेळाडूची भूमिका, त्याने घेतलेले कॅरेक्टर आणि दोन्ही संघांनी बॅन केलेली नावे एका छोट्या चौकटीत द्यावीत. क्रिकेटच्या धावफलकाइतकीच जागा लागेल.

आपला,
एक नियमित वाचक