आडवाटेच्या राइडआधी हातांचीही तयारी करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात सायकलिंगवर अधूनमधून जे काही येतं ते मी आवर्जून वाचतो. लोक आता डांबर सोडून खडी-माती-वाळूच्या आडवाटांवर दोनशे-तीनशे किलोमीटरच्या राइड करायला लागलेत हे बघून मनापासून बरं वाटतं. पण तयारी म्हटलं की सगळे एकच बोलतात, आठवड्याला किती किलोमीटर, चढ किती, सायकल कुठली. पाय तयार होतात हो, तीन-चार महिने नेमाने चालवली की होतातच. पण जिथे तासन्‌तास माणूस दिसत नाही तिथे आपली सायकल आपल्याला दुरुस्त करता येते का आणि परत कधी फिरायचं हे घरीच ठरवलंय का, हे कोणी विचारतच नाही, म्हणून हे पत्र.

माझंच सांगतो. एका राइडला शंभर किलोमीटरच्या पुढे एक काटकी मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागात, अडकली आणि हँगर तुटला. हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटासा ॲल्युमिनियमचा तुकडा, तो मुद्दामच कच्चा ठेवतात, म्हणजे दणका बसला तर तो तुटावा पण फ्रेम वाचावी. फक्त बऱ्याच फ्रेमचे हँगर वेगवेगळे असतात, दुसऱ्याचा सहसा बसत नाही, आणि माझ्याकडे जादाचा नव्हता. अशा वेळी डिरेलर काढून, चेन आखूड करून एकाच गियरवर सायकल घरी नेता येते हे मला माहीत होतं, चेन तोडायचं टूल पण बॅगेत होतं, पण हाताने एकदाही करून बघितलं नव्हतं! घाईघाईत जास्त कड्या काढल्या, चेन कुठल्याच गियरवर पुरेना, क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची सुटी कडी, एकच होती. मग अंधारात सायकल ढकलत चाललो, किती तास ते आता मोजत पण नाही, आणि पायात कडक तळाचे सायकलिंगचे बूट, टाचा सोलून निघाल्या. तेव्हापासून जादाचा हँगर सीटखाली टेपने चिकटवलेला असतो आणि बूट ज्यात नीट चालता येतं तेच.

म्हणून नवीन लोकांना कळकळीने सांगतो, घरी बसून, शक्यतो दिवे घालवून हेडलॅम्पच्या उजेडात, चेन एकदा तोडून परत जोडून बघा. क्विक लिंक तुमच्या चेनच्याच स्पीडची हवी, स्पीड म्हणजे मागच्या गियरची संख्या, ११ ची १२ ला चालत नाही. ट्यूबलेस टायर असले तरी एक ट्यूब जवळ ठेवाच कारण सीलंट, म्हणजे टायरच्या आत ओतलेला चिकट द्रव, बारीक भोक बुजवतं, टायरची कड फाटली की त्याचा उपयोग नाही, तिथे आतून जाड तुकडा लावून ट्यूबच टाकावी लागते. आणि ट्यूब टाकायची तर आधी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढावा लागतो, त्याचा नट इतका घट्ट बसलेला असतो की कधीकधी बोटांनी निघतच नाही, हे घरीच कळलेलं बरं. सीलंट काही महिन्यांत आत सुकून जातं, ते तपासायचं राहून जातं. टायर ४० ते ४५ मिलिमीटरचे घेतले की हवा बरीच कमी ठेवता येते, खडीवर चाक उडत नाही, हातांना हादरे कमी बसतात. हे आरामापुरतं नाहीये, तासन्‌तास तळव्याच्या कडेवर दाब राहिला की करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, तिथली नस दबते, ते बरं व्हायला कधीकधी आठवडे लागतात.

सराव करताना सामान लादूनच करा, तेही तशाच खराब रस्त्यावर. रिकामी सायकल आणि भरलेली सायकल ह्या दोन वेगळ्या सायकली आहेत, उतारावर ब्रेक वेगळा लागतो, आणि खडखडाटाने बाटलीच्या स्टँडचे स्क्रू ढिले होतात ते पहिल्या शंभर किलोमीटरातच कळतं.

आता वेळेचं. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ च्या आसपास, आणि डांबरावर सराव केलेल्या माणसाला वाटतं कच्च्या रस्त्यावर पण तेवढंच जमेल. नाही जमत. वाळूत उतरून ढकलायची वेळ येते, ओल्या चिकणमातीत तर चाक आणि फ्रेमच्या मधे चिखल भरून चाकच फिरेनासं होतं. अमेरिकेत कॅन्ससला जी खडीच्या रस्त्यांवरची मोठी ग्रॅव्हल रेस होते तिथे २०२३ साली कसलेले रेसर लोक सुद्धा सायकली खांद्यावर घेऊन चालत होते. म्हणून पाणी आणि खाणं किलोमीटरवर मोजू नका, तासांवर मोजा. मी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरतो, उन्हात जास्त, आणि ६० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट, जे आधी सरावात पोटाला मानवलेलं असेल तेच. घाम खूप येत असताना नुसतं पाणीच पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते जिवावर बेतू शकतं, मीठ हवंच.

मोबाईलचं एकच सांगतो, रेंज नसली की तो टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी संपवतो, नकाशे आधी डाउनलोड करा आणि एअरप्लेन मोडवर ठेवा. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून तो जागेवर असतोच असं नाही, सॅटेलाइट फोटोत बघून घ्या.

आणि निघण्याआधी घरच्यांच्या हातात एक कागद द्या. कुठून जाणार, पाणी कुठे भरणार, किती वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोचलो नाही तर मी मागे फिरणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्यांनी कोणाला कळवायचं. ही वेळ घरी डोकं शांत असताना ठरवायची कारण दमलेल्या माणसाला नेहमी वाटतं अजून थोडंच राहिलंय, मलाही त्या दिवशी वाटलं होतं, हँगर तुटायच्या दोन तास आधीच मी ठरवलेल्या वेळेच्या मागे होतो आणि तरी पुढे गेलो.

पुढच्या वेळी सायकलिंगवर पान काढाल तेव्हा सायकलींच्या फोटोंशेजारी चेन जोडायची कशी याची चार चित्रं आणि ह्या कागदाचा नमुना छापाल का? कापून बॅगेत ठेवता येईल एवढ्या आकारात.

आपला,
एक नियमित वाचक आणि सायकलवाला