रुळलास का?

प्रिय लंब्या,

तुझं पत्र चारदा वाचलं. चौथ्या वेळी लक्षात आलं, पानभर तू नुसतं घराबद्दल लिहिलंयस. हॉल केवढा, उजेड कुठून येतो, सातव्या मजल्यावर वारा कसा सुटतो. आणि शहराबद्दल फक्त दोन ओळी: "आठ महिने झाले, अजून रुळलो नाही. रोज संध्याकाळी वाटतं, आपण कुणाकडे तरी राहायला आलोय आणि यजमानच बाहेर गेलेत."

फोन करणार होतो. पण फोनवर तू "होईल रे सवय" म्हणून विषय बदलतोस, हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून हे पत्र. लांबेल, सांगून ठेवतो.

आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. तुझ्या इमारतीच्या गेटमधून बाहेर पडून तू पायी डावीकडे शेवटचा कधी गेलास? उजवीकडे? मला वाटतं, कधीच नाही. तुझा दिवस तूच लिहिलायस: लिफ्टनं खाली पार्किंगमध्ये, तिथून गाडीत, गाडीतून ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. लेका, आठ महिने तू त्या शहराच्या तळघरांत राहतोयस. यजमान भेटणार कसे?

हसू नकोस, मीही यातूनच गेलोय. इथे आलो त्याला आता तीन वर्षं होतील. पहिल्या पावसाळ्यात एका रात्री फोन बंद पडला आणि मला माझं घर सापडेना. म्हणजे घरापासून फार तर दहा मिनिटांवर उभा होतो, पण कुठल्या बाजूला दहा मिनिटं, ते कळत नव्हतं. रोज गाडीच्या काचेतून तोच रस्ता बघत होतो, सगळं ओळखीचं दिसायचं, आणि आता भिजत उभं राहिल्यावर त्यातला एकही कोपरा दुसऱ्या कोपऱ्याला जोडता येईना. शेवटी छत्री घेऊन जाणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्यांनी माझ्याच इमारतीकडे बोट केलं. आम्ही तिच्या मागच्या बाजूला उभे होतो. मी तिची मागची बाजू कधी पाहिलीच नव्हती!

या प्रकाराला शोभेल असा एक जुना प्रयोग पुढे वाचनात आला. 1963 साली हेल्ड आणि हाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांच्या जोड्या घेतल्या. गोल फिरणाऱ्या आडव्या दांड्याच्या एका टोकाला एक पिल्लू जुंपलेलं, ते स्वतःच्या पायांनी चालायचं. दुसऱ्या टोकाला पाळण्यात दुसरं पिल्लू, त्याचे पाय जमिनीला लागायचेच नाहीत. पहिलं चाललं की पाळणाही तेवढाच फिरायचा. म्हणजे दोघांच्या डोळ्यांना दिसलं ते सारखंच. पण नंतर तपासलं तेव्हा चालणाऱ्या पिल्लाला खोली, कडा, अंतर बरोबर कळत होतं, आणि पाळण्यातलं पिल्लू गोंधळत होतं. सगळं पाहिलेलं, पण कळलेलं काही नाही. पिल्लांना अंधारात वाढवणं वगैरे वाचून मला वाईट वाटलं, आजच्या काळात असा प्रयोग कुणी सहज करू देणार नाही. पाळण्यातली पिल्लं मोकळी सोडल्यावर सुधारली, हेही तिथेच वाचलं, म्हणून तुला सांगतोय. तू सध्या पाळण्यात आहेस एवढंच.

तर त्या रात्रीनंतर मी चालायला लागलो. आणि पहिला महिना चुकीचा चाललो. रोज नवा रस्ता धरायचा, आज हा भाग, उद्या तो, घरी येऊन मोबाइलवर आकडा बघायचा. दहा हजार पावलं! (या आकड्याचीही एक गोष्ट आहे. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं होतं. तिथून तो सगळ्यांच्या मनगटावर चढला.) पावलं भरत होती, शहर पाहून होत होतं, पण परत आलो की पाहुणाच. पर्यटकासारखं चालत होतो ना. पर्यटकाला दुसऱ्यांदा तिथे जायचं नसतं, त्यामुळे त्याचं कुठे काही जडत नाही.

मग कंटाळा आला, आणि माझं भलं कंटाळ्यानंच केलं. रोज नवा रस्ता शोधायचा उत्साह संपला आणि मी एकच वाट धरली. गेटमधून डावीकडे, शाळेची लांब भिंत, छोटा पूल, बागेच्या मागून वळून परत. पस्तीस मिनिटं. ऑफिसातून आल्यावर कपडे न बदलता, रोज तीच.

आपल्या भाषेत वाटही रुळते आणि माणूसही रुळतो, दोघांना एकच शब्द. गवतातून एकदा चालून गेलास तर पाऊलवाट होत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा पाय पडावा लागतो. आपलं एखाद्या जागी रुळणं हेच उलट्या बाजूनं बघितलेलं, असं मला वाटतं. आपण वाटेला दाबत जातो आणि ती आपल्याला. शाळेत बाईंनी 'अंगवळणी पडणे' वाक्यात उपयोग करायला दिलं होतं, आठवतं? तेव्हा तू काय दिवे लावले होतेस ते जाऊ दे. पण वळण खरंच अंगात जातं रे. आता पूल संपला की माझा डावा खांदा आपोआप थोडा झुकतो, डोक्यात ऑफिसची कटकट चालू असली तरी.

त्या वाटेवर काय आहे विचारशील, तर सांगण्यासारखं काहीच नाही. शाळेच्या भिंतीपाशी गटाराचं एक झाकण आहे, ते एका कोपऱ्यात बसत नाही. पाय पडला की आधी 'टक' आणि पाय उचलला की जरा खालच्या सुरात 'टुक'. सुरुवातीला दचकायचो, मग टाळायला लागलो. आता मुद्दाम पाय देतो. पुलाच्या कठड्याला एका ठिकाणी हात लागून लागून रंग गेलाय, लोखंड गुळगुळीत झालंय. बरोबर तिथेच सगळे का हात ठेवतात हे मला बरेच दिवस कळलं नाही. मग एकदा चढ चढून दम लागला आणि माझाही हात नेमका तिथेच गेला. कुणाकुणाचे हात त्या जागी पडले असतील! त्यातला एकही माणूस माझ्या ओळखीचा नाही, पण दम लागायची जागा आमची एकच.

आणि पुढे दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी व्हायोलिन शिकतंय. दीड वर्षं एकच तुकडा, आणि चौथ्या ओळीला दर वेळी तीच अडखळ. मी खालून जाताना श्वास रोखून धरायचो.

माणसांचं म्हणशील तर बोलणं फारसं कुणाशी नाही. पण चेहरे आहेत. दोन काठ्या घेऊन चालणारे आजोबा, कुत्र्याला फिरवायला आलेली आणि स्वतःच ओढली जाणारी मुलगी, फोनवर कायम कुणाला तरी समजावणारा एक बुवा. स्टॅनली मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1972 मध्ये अशा माणसांवर लिहिलंय. रोज दिसतात, आपण त्यांना ओळखतो, तेही आपल्याला ओळखतात, पण कुणी कुणाशी बोलत नाही. त्यानं त्यांना 'ओळखीचे अनोळखी' म्हटलं. असा माणूस दूर कुठेतरी परक्या ठिकाणी भेटला, तर मात्र आपण लगेच बोलायला जातो, हे त्याचं म्हणणं मला फार पटलं. मागच्या महिन्यात मी तापानं आठवडाभर आडवा होतो. नंतर पहिल्यांदा बाहेर पडलो तर ते आजोबा थांबले, एक काठी जरा उचलली आणि म्हणाले, "दिसला नाहीत?"

एवढंच म्हणाले. मी पुढे गेलो आणि पुलावर, त्या गुळगुळीत जागी, बराच वेळ उभा राहिलो. या शहरात माझं नसणं कुणाला तरी दिसलं होतं.

हे सगळं एका बैठकीत ऑफिसात सांगत होतो तर शेजारच्या टेबलवरची मैत्रीण म्हणाली, "तुला सोपं आहे. तू रात्री अकराला भटकतोस तेव्हा तुला चाललोय असं वाटतं, मी भटकले तर मला निसटतेय असं वाटतं." ती अंधार पडल्यावर फोन कानाला लावून चालते, पलीकडे कुणी नसलं तरी. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही. रस्ता तोच असला तरी तिच्या वाट्याला तो अर्धाच दिवस येतो. चालायचे गोडवे गाताना हे गिळून टाकलं तर ते खोटं होईल, म्हणून तुलाही लिहिलं.

आता तुझ्या लांब तंगड्यांसाठी राखून ठेवलेली गोष्ट. सहारा वाळवंटात एक मुंगी असते, ती अन्न शोधायला लांब जाते आणि सरळ रेषेत बिळाकडे परत येते. अंतर कसं कळतं? 2006 मध्ये संशोधकांनी अन्नापाशी पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे केस चिकटवले, म्हणजे चक्क पायांखाली काठ्या दिल्या. लांब पायांच्या मुंग्या परतताना बीळ ओलांडून पुढे गेल्या आणि तिथे घर शोधत बसल्या. पावलं तेवढीच टाकली होती, पाऊल मात्र लांब पडत होतं. पण खरी मजा पुढे आहे. त्याच मुंग्या काठ्यांसकट बिळात ठेवल्या, तिथून त्याच पायांनी बाहेर गेल्या, आणि येताना अचूक घरी आल्या.

मला वाचताना तूच दिसलास. जुन्या शहराची पावलं मोजून नव्या शहरात घर शोधतोयस, म्हणून ते सापडत नाही. नव्या दारातून एकदा स्वतःच्या पायांनी बाहेर तर पड.

अजून एक सांगतो आणि थांबतो. गेल्या उन्हाळ्यात बागेच्या वळणावरचं मोठं झाड कापलं. रात्रीतून. सकाळी तिथे नुसतं ऊन होतं. मला इतका राग आला की मी स्वतःच चकित झालो. कुणाचं झाड, मी कोण? पण दिवसभर चिडचिड केली, तक्रारीचा अर्जही लिहिला, ज्याला उत्तर आलेलं नाही. पाहुणा असतो तर दुसऱ्याच्या घरातलं कपाट हलवल्यावर इतका भांडलो असतो का?

आणि परवाची गंमत. पुलावर एकानं पत्ता विचारला. मी थाटात सांगितलं, "सरळ जा, मोठ्या झाडापाशी डावीकडे." तो गेला, वळणावर थांबला, इकडे बघ तिकडे बघ. मग मागे वळून माझ्याकडे पाहायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धावत गेलो आणि नसलेल्या झाडापासून त्याला डावीकडे वळवून आलो.

व्हायोलिनवाल्यानं मंगळवारी चौथी ओळ पार केली. मी खालीच थांबून ऐकलं, वरून कुणाला दिसलो नसेन.

उत्तर लिही. हॉलची मापं नकोत. गेटमधून डावीकडे गेलास की उजवीकडे, आणि पहिलं काय लागलं, एवढं कळव.

तुझा,
बुटक्या