समोर कुणी असलं तरच किंमत उतरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमचे कन्सोल (टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं) महागले की चिपचे वाढते दर आणि अमेरिकेचं आयातशुल्क ही दोन कारणं हटकून पुढे केली जातात. ती खोटी नाहीत, पण अर्धीच आहेत; समोर स्पर्धक उरला नाही, हे कारण राहून जातं.

मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सेगा कंपनीने आपल्या सॅटर्न या कन्सोलची किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, आपल्या प्लेस्टेशन या कन्सोलसाठी नुसतं '२९९' म्हणाले आणि चालते झाले. पण प्लेस्टेशन २९९ वरही थांबलं नाही. १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ हा प्रतिस्पर्धी कन्सोल अमेरिकेत यायच्या आधीच ते १९९ वर आलं, पुढच्या वर्षी १४९ वर. सोनीला दानधर्म सुचला होता असं नव्हे. यंत्रावर फारसं कमवायचं नाही, वेळ पडली तर तोटाही सोसायचा आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे रॉयल्टी घ्यायची, असा हा धंदा. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं की रॉयल्टीही गेली, म्हणून किंमत पाडावी लागे.

आता उलटं चाललं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आलेलं प्लेस्टेशन ५ दोन वर्षांच्या आतच ५४,९९० ला गेलं. अमेरिकेत २०२० चे ४९९ डॉलर ऑगस्ट २०२५ मध्ये साडेपाचशे झाले. यंत्र जुनं होतंय आणि भाव चढतोय! मायक्रोसॉफ्टने याचा फायदा घेऊन किंमत उतरवायला हवी होती. तर २०२५ या एका वर्षात एक्सबॉक्स सीरिज एक्स दोनदा वाढवून साडेसहाशेवर नेला. शिवाय ज्या 'हेलो' या गेमच्या जोरावर २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स खपला, त्याची नवी आवृत्ती प्लेस्टेशनवरही येणार असल्याचं जाहीर केलं. सेगाने कन्सोल बंद केले, त्याच वर्षी तिचा स्वतःचा सॉनिक हा गेम प्रतिस्पर्धी निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्सवर आला होता. मायक्रोसॉफ्टचीही मला ही माघारच वाटते.

निन्टेंडोची वाट वेगळी, आणि पहिला स्विच हा कन्सोल तर या कंपनीने भारतात अधिकृतपणे आणलाच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळायचा, पण वॉरंटीचं विचारायचं नाही. भाववाढीची पुढची बातमी देताना कंपनीच्या खुलाशाशेजारी हा हिशेबही छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डोंबिवली