आधी टेस्टिंग शिकवा, आजारांची नावं नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'दहा प्रश्नांत ओळखा तुमचं व्यक्तिमत्त्व' अशा प्रश्नावल्या पेपरच्या पुरवण्यांमध्ये येतात, मोबाईलवर तर रोजच फिरतात, आणि मी पदवीच्या वर्गाला मानसशास्त्र शिकवत असल्याने त्याचं पुढे काय होतं ते मला जवळून दिसतं. मुलं पहिल्या वर्षाला येतात तीच मुळी आजारांची नावं तोंडात घेऊन. अमका नार्सिसिस्ट, तमकी बायपोलर, आणि मला ओसीडी आहे कारण मला टेबल आवरलेलं लागतं. मग अॅबनॉर्मलचा, म्हणजे मानसिक आजारांचा पेपर आवडतो, पर्सनॅलिटीचा आवडतो, आणि टेस्टिंगचा, म्हणजे मानसशास्त्रीय चाचण्या कशा बनवतात आणि तपासतात याचा पेपर आला की तोंडं पडतात कारण त्यात स्टॅटिस्टिक्स आहे. आम्ही शिकवणारेही तो तसाच उरकतो, विश्वसनीयतेचे प्रकार लिहून घ्या, सप्रमाणतेचे प्रकार लिहून घ्या, परीक्षेला येतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हा पेपर सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश शिकवायला हवा, कारण बाकीच्या दोन पेपरांतलं प्रत्येक विधान त्याच्यावरच उभं आहे.

डोक्याचा घेर टेपने दहादा मोजला तरी तोच येतो, म्हणजे मापन विश्वसनीय झालं, पण त्यावरून बुद्धी कळते म्हणाल तर ते सप्रमाण नाही, कारण जे मोजायचं ते त्यातून मोजलंच जात नाही. एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिश शास्त्रज्ञ गॅल्टनच्या काळात माणसं खरंच अशी मोजमापं करत होती. त्यानंतर १९०५ मध्ये फ्रान्समध्ये बिने आणि सिमों यांनी बुद्धिमत्तेची चाचणी बनवली ती शाळेत कुणाला जास्त मदत लागेल हे शोधायला, आणि बुद्धी जन्मभर एवढीच राहणार असं मानणाऱ्यांना बिनेचा स्पष्ट विरोध होता. तरी पुढे त्याच चाचणीचा वापर माणसांवर कायमचे शिक्के मारायला झाला. चाचणी कशासाठी बनवली आणि कशासाठी वापरली जातेय हा प्रश्न तिथपासूनचा आहे आणि तो मुलांना पहिल्याच तासाला पडला पाहिजे.

आता एक हिशोब, जो मी दरवर्षी फळ्यावर करते. हजार माणसं घ्या, त्यात दहा जणांना एखादा आजार खरोखर आहे असं धरा. चाचणी चांगली आहे, आजार असलेल्यांपैकी ९० टक्के पकडते आणि नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणते. तर दहापैकी नऊ सापडले. पण उरलेल्या ९९० मधले दहा टक्के, म्हणजे ९९ जण, आजार नसताना 'आहे' असे आले. एकूण १०८ जणांच्या हातात 'आहे' असा निकाल आणि त्यात खरे फक्त नऊ, म्हणजे बारांत एक! वर्ग गप्प होतो इथे. आणि तीच चाचणी अशा ठिकाणी वापरा जिथे आलेल्या हजारांतल्या निम्म्या लोकांना तो आजार आहे, तर ४५० खरे आणि ५० चुकीचे, शंभरात नव्वद बरोबर. चाचणी तीच, प्रश्न तेच, फक्त कुणाला दिली ते बदललं. म्हणून दवाखान्यात उपयोगी पडणारी प्रश्नावली सरसकट सगळ्यांना वाटली की ती घाबरवायचंच काम जास्त करते.

आजारांच्या नावांचंही तसंच. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेप्रमाणे मेजर डिप्रेशनला (नैराश्याच्या आजाराला) नऊ लक्षणांतली किमान पाच लागतात, साधारण रोज, दोन आठवडे, आणि त्यात उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यातलं एक तरी हवंच. कागद घेऊन बसलात तर असे २२७ वेगवेगळे संच होतात, आणि एकच निदान असलेल्या दोन माणसांत फक्त एक लक्षण सारखं असू शकतं. शिवाय त्याने रोजचं जगणं किती अडतंय, दुसऱ्या आजारामुळे किंवा औषधामुळे तर होत नाही ना, हे पाहावं लागतं. ते टिक करून कळत नाही, समोर बसून विचारावं लागतं.

व्यक्तिमत्त्वाबद्दल फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग सांगते. १९४८ मध्ये त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला 'तुमचं वर्णन' म्हणून एकच मजकूर दिला, जो बहुतेक करून ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पुरवणीतली प्रश्नावली 'अगदी माझंच वर्णन' वाटते ती अशी. बिग फाइव्हमध्ये, म्हणजे व्यक्तिमत्त्व पाच गुणांवर मोजण्याच्या पद्धतीत, माणसाला खोक्यात टाकत नाहीत, प्रत्येक गुण कमीजास्त असतो आणि बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. अंतर्मुख की बहिर्मुख अशी दोनच खोकी केली की या मधल्या सगळ्यांना उगाच इकडे किंवा तिकडे ढकललं जातं.

सगळ्यात जास्त काळजी मला प्रोजेक्टची वाटते. मुलं पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली गूगल फॉर्मवर टाकतात आणि मित्रमैत्रिणींना पाठवतात, नाव नको लिहू म्हणतात. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी तिथे 'जवळपास रोज' असं टिक केलं तर? फॉर्म निनावी, भरणारा कोण ते माहीत नाही, आणि ज्याने उत्तर दिलं त्याने कदाचित पहिल्यांदाच कुणाला तरी हे सांगितलंय. विद्यार्थ्याकडे तेव्हा करण्यासारखं काहीच नसतं. असा प्रोजेक्ट मंजूर करायच्या आधी उत्तर देणाऱ्यापर्यंत मदत कशी पोचणार हे शिक्षकाने लिहून घेतलंच पाहिजे, नाहीतर दुसरा विषय द्यावा.

याचा अर्थ चाचण्या टाकाऊ आहेत असा कुणी कृपया घेऊ नये. पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे जाऊन नीट तपासून घ्यायला हवं, एवढं ती चांगलं सांगते आणि त्यामुळे कितीतरी लोक वेळेवर मदतीपर्यंत पोचतात. कमी गुण आले पण त्रास होतोय तरीही जावं, आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर 'अजिबात नाही' सोडून दुसरं काहीही असेल तर बाकी बेरीज काहीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलावं.

तुम्हाला विनंती अशी की अशी प्रश्नावली छापलीत तर ती कुणी बनवली, कोणत्या लोकांवर तपासली, त्यावरून काय ठरवता येत नाही, हे तिच्या वरतीच छापा, खाली बारीक अक्षरात नको. आणि तपासलेलीच नसेल तर 'करमणुकीसाठी' असं स्पष्ट लिहा. अभ्यासक्रम ठरवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनी टेस्टिंगचा पेपर अॅबनॉर्मलच्या आधीच्या सत्रात आणावा.

आपली,
मानसशास्त्र शिकवणारी एक वाचक