यंदा मे महिन्यात येत नाही, म्हणून हे पत्र

इंदूर

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

यंदा मे महिन्यात मी ग्वाल्हेरला राहायला येणार नाही, हे फोनवर अर्धेमुर्धे सांगितले तेव्हा बाबांनी "बरं, बघ कसं जमतं" एवढेच म्हणून विषय बदलला. बाबांनी विषय बदलला की त्यांच्या मनात काय असते ते मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून सगळे नीट लिहून कळवते आहे.

रक्तदात्यांची वही आता माझ्याकडे आली आहे, आणि या कामात मे महिन्याइतका कठीण महिना दुसरा नाही. परीक्षा आटोपून वसतिगृहे रिकामी होतात, नोकरदार गावी जातात आणि उरलेल्यांना उन्हाळ्यात रक्त दिले की चक्कर येईल अशी भीती वाटते. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते, कारण त्यांच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयारच होत नाही. आई, तू म्हणशील की हिवाळ्यातच साठवून ठेवावे. पण लाल पेशींची पिशवी फार तर ४२ दिवस टिकते, आणि प्लेटलेट जेमतेम पाच दिवस.

याच गोष्टीवरून माझी सगळ्यांशी वादावादी होते. कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस आला की मंडप, हार, छायाचित्रकार आणि दात्यांची भली मोठी रांग, सगळे एकाच दिवशी. "यांतल्या निम्म्यांना दीड महिन्याने बोलवा" असे सुचवले की आयोजकांचा चेहरा उतरतो, कारण फलकावर आकडा मोठा हवा असतो. एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही, त्यामुळे मार्चअखेरीस एक दणदणीत शिबिर झाले की माझ्या वहीतली निम्मी नावे मे महिन्यात निरुपयोगी होतात. त्याहून जास्त चीड रुग्णालयाच्या जिन्यात येते. धडधाकट भाऊ आणि मेहुणे रांगेने उभे असतात आणि "आमच्याकडे सगळे अशक्त आहेत, तुम्हीच सोय करा" म्हणतात. एकाने तर सरळ भाव विचारला. पैसे घेऊन रक्त देणे १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद आहे, असे मी त्याला शांतपणे सांगितले. शांतपणे, बाबा, तुमची मुलगी असूनही.

तरीही हे सोडवत नाही. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस विकणारा एक गृहस्थ दर तीन महिन्यांनी न बोलावता येतो. जागरण करून रक्त देऊ नये, असे त्याला कुणीतरी एकदा सांगितले होते. तेव्हापासून तो आदल्या रात्री गाडी लावत नाही, कमाई बुडवून झोपतो आणि सकाळी हजर होतो. आणि एक मुलगी आहे, जी पूर्वी सुई पाहून आजीच्या पदरात तोंड लपवायची. आता रक्त चढत असताना ती उशीवर वही टेकवून बीजगणित सोडवते आणि मला पाहिले की माझ्याकडूनच उत्तरे तपासून घेते. (ती बहुधा बरोबर असतात. माझेच चुकते.)

आई, तू याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतेस, आणि रागावून म्हणत नाहीस हे मला कळते. पण गणेशोत्सवाचा हिशेब जुळेपर्यंत बाबांचे ताट झाकून ठेवणारी तूच होतीस, आणि त्या ताटातली पुरणपोळी मी हळूच पळवली की न पाहिल्यासारखे करणारीही तूच. तुझ्या कुशीत येऊन झोपायची इच्छा मला आजही होते, हे पत्रात लिहिणे सोपे जाते म्हणून लिहिते.

तुमची आबाळ होऊ देणार नाही. कूलरचे गवत बदलून पंप तपासायला माणूस रविवारी येईल, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणीही तोच भरेल. स्वयंपाकाच्या बाई महिनाभर संध्याकाळच्या पोळ्याही करून जातील. त्यांचे पैसे मी दिले आहेत, तेव्हा आई, त्यांना "राहू दे" म्हणून परत पाठवू नकोस. १४ जूनचा रक्तदाता दिन आटोपला की मी रात्रीच्या गाडीने निघते आणि चांगला पाऊस पडेपर्यंत राहते.

बाबा, दुपारी बारा ते पाच महाराज बाड्याकडे मुळीच फिरकायचे नाही. साखरेची तपासणी करायची असेल तर आदल्या रात्री आमरस नको. आणि तुमचे रक्त घेण्याचा हट्ट आता सोडा. वयाची मर्यादा ६५ आहे, ती माझ्या ओळखीने वाढत नाही. आई, लोणच्याच्या कैऱ्या घरी फोडायच्या नाहीत, बाजारातूनच फोडून आणवायच्या.

रात्री माझा फोन सतत व्यस्त लागला तर काळजी करू नका, त्या वेळी कुणासाठी तरी दाता शोधत असते. लागोपाठ तीनदा लावलात तर मी समोरच्याला थांबवून तुमचा फोन घेईन.

तुमची,
चिमू